मागच्या टोकाचं वजन

तिचा दिवस हल्ली दोनदा संपत असे. एकदा दुपारी तीनला पाळी सुटली की, आणि दुसऱ्यांदा भाचीनं ‘बस, आता बस’ म्हटलं की. मधल्या दीड तासात ती ना रुग्णांची असे ना घराची. तळघरातल्या त्या व्यायामशाळेत, लोखंड आणि रबराच्या वासात, ती फक्त दमत असे. दमायलाच ती तिथे जात होती, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

वय सेहेचाळीस. अकरा वर्षं अॅम्ब्युलन्सवर परिचर. गाडी मामा चालवायचे आणि स्ट्रेचर दोघं मिळून उचलायची. मामा कोणाचेच मामा नव्हते, पण सगळा डेपो त्यांना मामा म्हणे. आणि ही प्रत्येक गोष्ट वहीत टिपून ठेवते म्हणून मामा हिला मास्तरीण म्हणत.

वसंतात चाचणी झाली होती. दरवर्षी होई, पण या वर्षी नियम कडक झाले होते. कवायतीच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून वाळू भरलेला ऐंशी किलोचा पुतळा स्ट्रेचरवर बांधून जोडीनं खाली आणायचा, न थांबता. खाली आल्यावर दोन मिनिटं रबरी छातीवर दाब द्यायचे. मग तीन मिनिटं खुर्चीत बसायचं, आणि तेव्हा नाडी एकशे दहाच्या आत आलेली असली पाहिजे. मध्येच कोणी ‘थांबा’ म्हटलं, तर ते कोणी म्हटलं याच्यासाठी कागदावर वेगळा रकाना होता. म्हणणारा नापास. दुसऱ्याची चाचणी बदली माणूस घेऊन पुरी होई.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिनं ‘थांबा’ म्हटलं होतं. बोटं उघडत चालली होती, दुसरा इलाजच नव्हता. मामांच्या नावापुढे ‘पास’ लागलं आणि तिच्या नावापुढे ‘फेरचाचणी, बारा आठवडे’. फेरचाचणी त्याच जोडीनं द्यायची, आणि ‘थांबा’चा नियम तेव्हाही दोघांना लागू. त्यातही जमलं नाही तर फोनची खोली.

फोनच्या खोलीला ती घाबरत होती. पूर्वी एकदा पाठ धरली होती तेव्हा चार महिने तिथे काढले होते. काम वाईट नव्हतं. खुर्ची होती, पंखा होता. पण कोणीतरी फोनवर रडत पत्ता सांगायचं, आपण गाडी पाठवायची आणि फोन ठेवायचा. पुढे काय झालं ते कधीच कळायचं नाही. तिथे कुठल्याच गोष्टीला शेवट नसे. चार महिन्यांत तिची झोप गेली होती.

म्हणून हे तळघर.

भाची, म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी, सव्वीस वर्षांची. शरीरक्रियाशास्त्र शिकलेली, आणि जिभेला हाड नसलेली. लहानपणी हिनंच तिला गणित शिकवलं होतं. त्याचा सूड आता चालला असावा.

“मावशी, वही मीट. आज त्यातलं काही नाही.”

“परवाचंच कर की गं. परवाचं जमायला लागलं होतं.”

“म्हणूनच नको. जमलं म्हणजे अंगवळणी पडलं. अंगवळणी पडलं की शरीर काटकसर करायला लागतं. तेवढंच काम कमी खर्चात उरकतं आणि वर वाढायचं नाव घेत नाही. तुझ्याच घराण्यातलं शरीर ते, चिकट.”

त्यामुळे कुठलेच दोन दिवस सारखे नसत. एक दिवस जड लोखंड: बार जमिनीवरून उचलायचा, पाचच वेळा, पण पाचवा उचलताना डोळ्यांपुढे काजवे चमकले पाहिजेत. एक दिवस जागच्या जागी फिरणारी सायकल: अर्धं मिनिट जीव खाऊन, दीड मिनिट हळू, असे आठ फेरे. एक दिवस दोन्हीची सरमिसळ. बार उचल, वाळूच्या पिशव्या घेऊन जिना चढ, दोरीवर उड्या मार, परत बार. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा, वजन वेगळं, विश्रांती कमी.

“बारा आठवड्यांत होणार आहे का हे? का नुसतं पी हळद आणि हो गोरी?”

“गोरी होऊ नकोस. पुढचा सेट कर.”

ती करत असे. घरी जाऊन ताट पुढे घेतलं की घास उचलताना दंड थरथरत. केस विंचरायला हात वर जात नसे. कपडे वाळत घालताना ती दोरीला धरून क्षणभर उभी राही, आणि नवरा तिच्या हातातली बादली घेई. सकाळी साडेपाचला गजर झाला की आधी पाय जागे होत, म्हणजे दुखायला लागत, आणि मग ती.

पण आकडे खोटं बोलत नव्हते. पहिल्या आठवड्यात बार पस्तीस किलोचा होता, अकराव्या आठवड्यात सत्तरचा. सगळ्यात जड फेरा संपल्यावर एका मिनिटात नाडी किती उतरते ते ती मनगटावर दोन बोटं ठेवून मोजे. पहिल्या आठवड्यात सतरानं उतरली होती, आता छत्तीसनं उतरत होती. भाची म्हणायची, हृदय किती जोरात धावतं यापेक्षा ते किती लवकर शांत होतं ते बघ.

गोची एकच होती. स्ट्रेचर हलकं होत नव्हतं.

मंगळवारी एका म्हाताऱ्या शिंप्याला तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं. मूठभर माणूस, फार तर साठ किलो. बायको मागून त्याच्या चपला हातात घेऊन येत होती आणि प्रत्येक वळणावर त्याला सांगत होती, “हलू नका हो, त्यांना जड होतंय.” तो हलत नव्हता. तरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिची बोटं उघडायला लागली. तिनं दात आवळून उतरवलं.

जिना उतरताना ती पुढे, म्हणजे खाली, रुग्णाच्या पायांकडे असे. तोंड पुढे, पाठ स्ट्रेचरकडे. मामा मागे, वरच्या पायरीवर, डोक्याकडे. अकरा वर्षांत जिन्यावर तिनं मामांना पाहिलंच नव्हतं. पाठीमागून येणाऱ्या पावलांवरून ती त्यांना ओळखे. दोघांची पावलं कधी जुळू द्यायची नाहीत हा या कामातला पहिला धडा. जुळली की स्ट्रेचर पाळण्यासारखं झुलतं. पहिल्याच आठवड्यात मामांनी सांगितलं होतं, “माझ्या पायात पाय टाकून चाललीस तर लोक म्हणतील वरात चाललीय, आणि पेशंट ओकेल ते वेगळंच.” तेव्हापासून मामांचं पाऊल तिच्या पावलाला चुकवून पडे. गेली दोनेक वर्षं तर फारच सफाईनं चुकवून. ठप्, आणि मग जरा रेंगाळून, ठप्. या कलेचं तिला कौतुक वाटे.

तिनं वहीत लिहिलं: ‘शिंपी. अंदाजे साठ. दुसरं वळण. बोटं सुटायला आली.’ त्याच्या वरच्याच ओळीत होतं: ‘बार सत्तर, पाच वेळा, पकड घट्ट.’ ती दोन्ही ओळींकडे बराच वेळ बघत राहिली. दोन्ही आकडे खरे असतील, तर तिसरं काहीतरी मोजायचं राहिलं होतं.

“जिन्याचं काम वेगळं असतं,” भाची म्हणाली. “आण तुझं स्ट्रेचर, बघू.”

डेपोच्या भांडारातून तिनं एक बाद झालेलं स्ट्रेचर मागून आणलं. व्यायामशाळेच्या वर चार मजले होते. ऐंशी किलोच्या वाळूच्या पिशव्या एकेक करून वर नेल्या, आणि त्यातच अर्धा व्यायाम झाला. पिशव्या पट्ट्यांनी बांधल्या, छातीच्या जागी जास्त, पायांच्या जागी कमी. भाची वर, ती खाली.

चार मजले उतरून ती तळाशी पोचली आणि दमण्याची वाट बघत उभी राहिली. दम आलाच नाही.

“तू जास्त उचललंस.”

“कशी उचलणार? मी जास्त धरलं तर माझ्याच बोटांना कळेल ना. तुझ्याइतकंच आहे.”

“परत.”

“मावशी, ऐंशी किलो परत वर न्यायचेत.”

“ने.”

दुसऱ्या खेपेला तिनं हातांकडे लक्ष दिलं नाही. कान दिला. भाचीचं पाऊल तिला चुकवून पडत होतं, सांगितलं होतं तसं. पण वेळेवर पडत होतं. दोन्ही पावलं सारख्या अंतरानं. रेंगाळणारं पाऊल कुठेच नव्हतं.

ती पहिल्या मजल्यावर थांबली. मागे न वळताच म्हणाली, “आता असं समज की तुझा डावा गुडघा दुखतोय. फक्त उतरताना.”

“म्हणजे लंगडू?”

“लंगडू नकोस. लंगडत नाहीयेस असं मला दाखव.”

वर भाचीनं पाय बदलला. मग पाऊल पडलं. ठप्, आणि रेंगाळून, ठप्. आणि त्या दुसऱ्या ‘ठप्’च्या आधी, नेमकं त्या रेंगाळण्याच्या क्षणात, ते ओझं आलं: दांड्यांमधून सरकत, पुढे लोटत, तिच्या मनगटांत. पुढच्या पायरीला परत. तिला ते इतकं ओळखीचं होतं की डोळ्यांत पाणी आलं. दहा पायऱ्यांत बोटं उघडायला लागली.

“ठेव खाली,” ती म्हणाली.

भाचीनं ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं. “मी टेकत होते गं. पायावरचा भार वाचवायला दांड्यांवर टेकत होते. मला कळलंसुद्धा नाही.”

“हं.”

“म्हणजे तू पेशंट उतरवतेस आणि वर अर्धे मामा. आणि जसजशी तू घट्ट होत गेलीस—”

“तसतसे ते निश्चिंत टेकत गेले. कळलं. पिशव्या सोड.”

फेरचाचणीला पाच दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी धुताना तिनं विषय काढला. मामा मागचा दरवाजा पुसत होते, ती आतली फळी.

“मामा, डावा गुडघा कधीपासून?”

“कोणाचा?”

“तुमचा. माझे दोन्ही जागेवर आहेत.”

“काही नाही गं, क्लच जड झालाय जरा. मेकॅनिकला सांगितलंय मी.”

“ताकाला जाऊन भांडं लपवू नका.”

मामांनी फडकं पिळलं. पाणी निघायचं थांबलं तरी पिळत राहिले. “दोन वर्षं झाली. चढताना काही नाही. सपाटीवर म्हणशील तर नाचून दाखवीन. उतरतानाच तेवढं.”

“उतरताना तुम्ही दांड्यांवर टेकता.”

“मी? छे. मी धरतो.”

“टेकता. तुमचं वजन माझ्या हातात येतं. आम्ही करून बघितलंय, ऐंशी किलो घेऊन.”

मामा तिच्याकडे बघत राहिले. गुडघा त्यांना ठाऊक होता, पण टेकणं ठाऊक नव्हतं, हे तिला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. तेच जास्त वाईट होतं.

“म्हणजे इतके दिवस मी तुला सांगतोय, मास्तरीण, मनगट सरळ ठेव, श्वास सोड,” ते हळू बोलले, “आणि ओझं मीच.”

तिनं फडकं बादलीत बुडवलं.

“मागच्या चाचणीला तू थांबा म्हणालीस ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आणखी चार पायऱ्या आणि मीच म्हणालो असतो. त्या थांब्यात पाय सैलावला म्हणून पुढचं निभलं. मग खाली आल्यावर मी तुला काय म्हणालो?”

“म्हणालात, होतं असं, बायकांचा दम वेगळा.”

“हो. तसंच म्हणालो.”

रागवायलाही ताकद लागते. ती तिच्याजवळ होती, पण तळघरातल्या सेटसाठी राखून ठेवलेली. शिवाय हा माणूस अकरा वर्षं तिच्या पाठीमागे चालला होता, आणि चौदा महिन्यांनी निवृत्त होणार होता. तिनं फळी परत पुसली, स्वच्छ होती तरी.

“सोमवारी टेकू नका,” ती म्हणाली. “एवढंच.”

“आणि नाही जमलं तर?”

“सोमवारी पुतळा आहे, मामा. मंगळवारी पुतळा नसेल.”

सोमवारी सकाळी परीक्षक बाई घड्याळ घेऊन जिन्यात उभ्या होत्या. उंच, कमी बोलणाऱ्या डॉक्टर. रकान्यांचा कागद फळीला लावलेला. मागे कवायतीचे प्रशिक्षक, लागलाच तर बदली माणूस म्हणून.

ती पुढे, मामा मागे. उचललं. चौथ्या मजल्याच्या पहिल्याच पायरीवर तिचा हात गरजेपेक्षा जास्त वर गेला, इतकं ते हलकं होतं. मामा टेकत नव्हते. वजन तेवढंच होतं जेवढं असायला हवं, आणि बारा आठवड्यांनी तिला त्यासाठी तयार केलेलं होतं. चौथा मजला गेला. तिसरा गेला. तिचा श्वास लयीत होता.

मागचं पाऊल मात्र दर पायरीला जास्त रेंगाळत होतं. ठप्. मग वाट बघावी लागे. मग ठप्. मधल्या वेळात मामांचा श्वास ऐकू यायला लागला, दातांतून आत ओढलेला. त्यांना ते किती महाग पडत होतं हे पाठीला डोळे नसूनही कळत होतं. आणि तिच्या हातांत जागा शिल्लक होती. पहिल्यांदाच शिल्लक होती. दोन मजले मामांना घेऊन जाण्याइतकी, बहुतेक. दोघंही पास. चौदा महिने.

“मामा,” ती ओठ न हलवता म्हणाली, “टेका.”

दांडे जड झाले नाहीत. ठप्.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे ती थांबली होती जवळजवळ त्याच फरशीवर, मागून आवाज आला. मोठ्यानं, खालपर्यंत ऐकू जाईल असा.

“थांबा.”

दोघांनी स्ट्रेचर सावकाश खाली ठेवलं. परीक्षक बाई वरच्या पायरीवर आल्या. “कोणी म्हटलं?” त्यांनी ऐकलं होतं, पण विचारायचा नियम होता.

“मी,” मामा म्हणाले.

“कारण?”

“गुडघा. डावा. दोन वर्षं झाली.” मग जरा थांबून, “मागच्या वेळीही तोच होता. तेव्हाच्या कागदावर नाव चुकीचं पडलंय.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. काय लिहिलं ते दिसलं नाही. प्रशिक्षक पुढे झाले. मामा कठड्याला धरून पायरीवर बसले, डावा पाय लांब करून, आणि कपाळ पुसत तिला म्हणाले, “मनगट सरळ ठेव.”

उरलेले दोन मजले कसे गेले ते तिला नंतर आठवेना. सोपे गेले, इतकंच. छातीवरचे दाब मोजून दिले. खुर्चीत बसली. भाचीच्या सवयीनं तिनं एका मिनिटाला स्वतःची नाडी स्वतः मोजली. फक्त एकवीसनं उतरली होती. तिसऱ्या मिनिटाला बाईंनी मोजली: एकशे सहा. पास.

त्या दुपारी तळघरात भाचीनं वही उघडली. “एकवीस? गेल्या आठवड्यात छत्तीस होती तुझी. आणि आज तर मध्ये थांबायलाही मिळालं होतं.”

“आकडा बरोबर आहे.”

“मग झालं काय?”

“काही नाही. उद्या काय करायचंय?”

भाचीनं तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच सुट्टी दिली. ती घरी गेली आणि संध्याकाळी सातलाच झोपली.

मामांची बदली दोन आठवड्यांनी फोनच्या खोलीत झाली. गाडीवर नवी चालक आली, दुसऱ्या डेपोतून, तिशीची, मोजकं बोलणारी. तिचं पाऊल नेमकं चुकवून पडे आणि नेमकं वेळेवर पडे. स्ट्रेचरचं वजन आता रुग्णाएवढंच असे. तरी पहिले काही दिवस जिन्याच्या प्रत्येक पायरीला मास्तरणीची मनगटं आपसूक आवळत, जे यायचं नव्हतं त्याच्यासाठी.

पहिल्या शुक्रवारी दुपारी वायरलेस खरखरला. मामांचा आवाज होता. “तिसरा मजला. लिफ्ट नाही. बाई साठ वर्षांच्या, छातीत दुखतंय. जिना अरुंद आहे, दुसऱ्या वळणाला कुंड्या आहेत. मी काढून ठेवायला सांगितल्यात.”

फोनच्या खोलीतून कुंड्यांची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. नव्या चालकानं भुवया उंचावल्या.

बाईंना उतरवलं, ऑक्सिजन लावला, रुग्णालयात पोचवलं, कागद दिले. रिकामी गाडी वळवताना नियमाप्रमाणे ‘मोकळे’ एवढंच कळवायचं असतं. तिनं बटण दाबलं.

“मोकळे,” ती म्हणाली. आणि बटण सोडलं नाही. “बाई पोचल्या, मामा. शुद्धीवर आहेत. मुलगी आली होती. कुंड्या काढलेल्या होत्या.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

“बरं,” मामा म्हणाले. “लिहून घेतो.”

तिनं यंत्र जागेवर अडकवलं आणि मान मागे टेकली. घड्याळात पावणेतीन झाले होते. भाचीनं आज सायकल सांगितली होती, का बार, तिला आठवेना. वही काढून बघायला हवं होतं. थोड्या वेळानं बघू, असं म्हणून तिनं डोळे मिटले.